एकाच पावसावरचे शेजारी: बदलतं हवामान आणि शेतमालाचा व्यापार

८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले, कारण आदल्या दिवशीचा भाव द्यायला आता कोणी व्यापारी तयार नव्हता. ढाक्यात नेमकं उलटं घडलं. तिथल्या किरकोळ बाजारात कांदा एक-दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट महागला. पिकवणारा इकडे हवालदिल आणि खाणारा तिकडे. आपण गोवेकर त्या आठवड्यात खरं तर फायद्यात होतो. माल देशातच अडकला की भाव उतरतो, आणि गोवा पिकवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त कांदा विकत घेतो.

हा आदेश आला तरी कशामुळे? त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पावसाने ओढ दिल्यामुळे खरिपाच्या लाल कांद्याची लागवड रखडली. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा तोवर संपत आला होता. त्यात नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिक भागात अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली, उभं पीक झोपलं. शहरांतले दर चढू लागले आणि सरकारने दार लावून घेतलं. म्हणजे महाराष्ट्रातला कोरडा ऑगस्ट डिसेंबरात ढाक्याच्या स्वयंपाकघरात पोहोचला.

हवामानबदल म्हटलं की आपल्याला वितळणारे हिमनग आठवतात, नाहीतर किनाऱ्यावर चढणारा समुद्र. शेजारी देशांमधल्या धान्य, भाजीपाला, मसाल्यांच्या देवघेवीवर त्याचा काय परिणाम होतो, हा विषय अर्थतज्ज्ञांचा म्हणून बाजूला पडतो. पण आपलं रोजचं ताट त्यावर चालतं. गोव्यात तर ही गोष्ट समजायला फार लांब जावं लागत नाही, कारण आपलं राज्यच शेजाऱ्याच्या शेतावर जेवतं. भाजी बेळगावची, कांदा नाशिकचा. त्यामुळे नेपाळ, भूतान, बांगलादेश या देशांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं आपल्याला इतरांपेक्षा सोपं जावं.

आधी एक साधा प्रश्न. शेजारी शेजाऱ्याकडूनच शेतमाल का घेतो?

पहिलं कारण उघड आहे, भाडं कमी पडतं. टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर यांना बोटीने महिनाभर प्रवास करता येत नाही. त्या ट्रकनेच जायच्या, आणि ट्रक दोन दिवसांत पोहोचला पाहिजे. दुसरं कारण चवीचं. बांगलादेशाला जो कांदा लागतो तो नाशिकच्या मातीत होतो. इजिप्तचा किंवा तुर्कस्तानचा कांदा आणला तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हा व्यापार उंचीच्या आणि हंगामाच्या फरकावर उभा असतो. जुलैमध्ये गोव्यातल्या शेतात गुडघाभर पाणी आणि भात असतं, त्याच वेळी घाटावर बेळगावच्या पठारावर भाजी उभी असते. आपल्याकडे नाही तेव्हा त्यांच्याकडे आहे, म्हणून चोर्ला आणि अनमोड घाटातून रोज गाड्या उतरतात. भारत आणि नेपाळ यांच्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. २०२३च्या जुलैमध्ये आपल्याकडे टोमॅटो आवाक्याबाहेर गेला, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचं ठरवलं. मैदानात उष्णतेने आणि पावसाने पीक गेलं होतं, पण नेपाळच्या डोंगर-उतारांवर ऐन पावसाळ्यात टोमॅटो निघतो. एरवी भारताकडून धान्य घेणारा नेपाळ त्या वेळी भारताला भाजी पुरवत होता.

इतकी कारणं असूनही दक्षिण आशियातले देश आपापसांत फारच कमी व्यापार करतात. जागतिक बँकेच्या हिशेबाने तो त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियात हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जातं. मात्र हा सरासरीचा आकडा फसवा आहे. एकूण व्यापार थोडा असला, तरी काही वस्तूंसाठी छोटा देश मोठ्या शेजाऱ्यावर जवळजवळ पूर्ण विसंबलेला असतो. भूतानचा तांदूळ किंवा बांगलादेशाचा आयात कांदा ही त्याची उदाहरणं.

आणि इथेच हवामानाची मेख आहे. ज्या जवळीकीमुळे व्यापार स्वस्त पडतो, त्याच जवळीकीमुळे दोन्ही घरांवर एकाच वेळी संकट येतं. दोन घरं एकाच विहिरीवर पाणी भरत असतील, तर विहीर आटल्यावर एकाने दुसऱ्याकडे घागर घेऊन जाण्यात अर्थ नसतो. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या सगळ्यांचं पिकाचं वेळापत्रक मोसमी वाऱ्यांवर बांधलेलं आहे. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, म्हणजे ज्याला एल निनो म्हणतात ती स्थिती आली, की या वाऱ्यांचा जोर बहुतेक वेळा कमी होतो. तो कमी होताना भारताची सीमा पाहून थांबत नाही.

याचं स्पष्ट उदाहरण २०२२चं आहे. त्या वर्षीचा मार्च भारतात १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरतो तो नेमका मार्चमध्ये. त्या दोन-तीन आठवड्यांत तापमान वाढलं की झाड घाईने पिकतं आणि दाणा भरण्याआधीच सुरकुततो. फेब्रुवारीत ११ कोटी १३ लाख टन गहू होईल असा सरकारी अंदाज होता, तो अखेर सुमारे १० कोटी ७७ लाख टनांवर आला. उष्णतेची तीच लाट पाकिस्तानातही होती आणि तिथल्या गव्हालाही तिने गाठलं. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाने हिशेब मांडला, की मानवनिर्मित तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे ३० पट वाढली आहे. नेमकं तेव्हाच रशिया-युक्रेन युद्धामुळे काळ्या समुद्राकडचा गहू अडकला होता आणि बांगलादेश भारताकडे वळला होता. १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबवली. शेजारी देशांच्या सरकारांनी विनंती केली तर विचार करू, अशी सवलत आदेशात होती. पण बाजारातले व्यापारी सरकारच्या विनंतीपत्रावर सौदे करत नाहीत. त्यांनी आधी भाव वाढवले.

या साखळीत हवामान कुठे संपतं आणि माणसाचा निर्णय कुठे सुरू होतो, हे वेगळं करून पाहायला हवं. गव्हाचं उत्पादन घटलं ते तीन-चार टक्क्यांनी. पण सीमेपलीकडे पोहोचणारा माल तीन-चार टक्क्यांनी नाही, त्याहून कितीतरी जास्त घटला. मोठा देश आधी स्वतःच्या ताटाचा विचार करणार, हे समजण्यासारखं आहे. पण मोठ्या देशासाठी जी किरकोळ तूट असते, तिच्यामुळे छोट्या शेजाऱ्याचा पुरवठाच बंद पडतो. आभाळाने केलेल्या नुकसानीचा गुणाकार होतो तो कागदावर.

तांदळात हे आणखी ठळक दिसलं. जगात जेवढ्या तांदळाचा व्यापार होतो त्यातला सुमारे ४० टक्के एकटा भारत पुरवतो. सप्टेंबर २०२२मध्ये तुकडा तांदळाची निर्यात बंद झाली आणि इतर काही प्रकारांवर २० टक्के शुल्क बसलं. २० जुलै २०२३ला बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. उकडा तांदूळ, जो आपण गोव्यात पेजेला आणि शिताला वापरतो, तो या बंदीतून सुटला, पण महिन्याभरात, २५ ऑगस्टला, त्यावरही २० टक्के निर्यातशुल्क आलं. पांढऱ्या तांदळावरची बंदी उठायला सप्टेंबर २०२४चा शेवट उजाडला. मधल्या काळात शेजाऱ्यांसाठी सरकार-ते-सरकार कोटे ठरले. भूतानला ७९,००० टन, नेपाळला ९५,००० टन. ही मदत खरी होती आणि ती पोहोचली. तरीही कोटा मंजूर होईपर्यंतचे आठवडे वाईट जातात. या आठवड्यांत काठमांडूचा दुकानदार पोती मागच्या खोलीत सरकवतो, गिऱ्हाईक महिन्याऐवजी तीन महिन्यांचं धान्य भरतं, आणि तुटवडा यायच्या आधीच भाव तुटवड्याचा लागतो.

गरीब देशांतच हा धक्का एवढा का बसतो? कारण तिथल्या घराच्या कमाईचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. युरोपातल्या कुटुंबाला तांदूळ महागला तर ते दुसऱ्या कशावर तरी खर्च कमी करतं. ढाक्याच्या कापड गिरणीत काम करणाऱ्या बाईला कमी करायला दुसरं काही नसतं, ती ताटातलंच कमी करते. शिवाय गोदामं कमी, शीतगृहं त्याहून कमी, आणि दूरच्या देशातून घ्यायचं तर डॉलर लागतात, तेही नेहमी हाताशी नसतात.

छोटा देशही स्वतःच्या बाजूने अशाच घाईच्या चुका करतो, हे सांगायला हवं. बांगलादेशाच्या ईशान्येला हाओर नावाचा सखल, बशीसारखा प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात बोरो भात लावतात आणि एप्रिल-मेमध्ये कापतात. २०१७मध्ये मार्चच्या शेवटी, म्हणजे कापणीच्या आधीच, वरच्या डोंगरांवरून लोंढे आले आणि पिकं बुडाली. सरकारने तांदळावरचं आयातशुल्क २८ टक्क्यांवरून आधी १० आणि मग २ टक्क्यांवर आणलं. भारतातून तांदूळ धो धो आला. पुढच्या वर्षी स्वतःचं पीक चांगलं आल्यावर शुल्क पुन्हा २८ टक्के. एका वर्षात दार उघडायचं आणि पुढच्या वर्षी लावायचं, यात बांगलादेशी शेतकऱ्यालाही कळत नाही की लावणी वाढवायची की कमी करायची. पश्चिम बंगालमधल्या भातगिरणीवाल्यालाही कळत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. आतापर्यंत गोव्याकडे खरेदीदार म्हणून पाहिलं, पण कुळागराचा मालक विक्रेता असतो. सत्तरी, सांगे, फोंडा भागातल्या कुळागरांत सुपारी, तिच्या खोडावर चढवलेली मिरी, मध्ये केळी, जायफळ. अतिवृष्टीत सुपारीला कोळेरोग लागतो. हा बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवाचा रोग आहे, त्याला फायटोप्थोरा म्हणतात. सततचा पाऊस, ढगाळ हवा आणि पानापानांत साचलेली ओल त्याला लागते. कोवळी फळं कुजून गळतात. उपाय जुनाच आहे. पावसाळा लागायच्या आधी बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि साधारण दीड महिन्याने दुसरी. पण दुसऱ्या फवारणीला मध्ये कोरडी उघडीप हवी. पूर्वी आषाढ-श्रावणात अशी उघडीप मिळायची, आता पाऊस आला की आठवडा-आठवडा ओततो, आणि माडाएवढ्या उंच पोफळीवर ओल्या खोडाने चढणार कोण? तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला सुमारे ७ टक्के. म्हणून पाऊस पडायला लागला की एकदम पडतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं संशोधन २०१७मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आपल्या किनाऱ्यावर वादळांचीही भर आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेलं भात शेतात आडवं केलं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने माड, आंबे, काजू मुळासकट उपटले.

पूर्वी बागायतदाराला निदान एक आधार होता. पीक कमी आलं तर भाव चढायचा आणि वर्षाचा हिशेब कसाबसा जुळायचा. शेजारी देशांशी व्यापार खुला झाल्यावर हा आधार कमकुवत होतो. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८मध्ये झाला आणि २०००पासून लागू आहे. त्याखाली श्रीलंकेतून वर्षाला २,५०० टन मिरी शुल्काशिवाय येऊ शकते. दुसऱ्या देशांची स्वस्त मिरी श्रीलंकेची म्हणून येते अशा तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०१७मध्ये सरकारने किलोला ५०० रुपयांची किमान आयात किंमत ठरवली. सुपारीसाठीही अशी किमान किंमत आहे, फेब्रुवारी २०२३मध्ये ती किलोला २५१वरून ३५१ रुपये केली. भूतानला मात्र २०२२मध्ये त्यातून सूट मिळाली, वर्षाला १७,००० टन हिरव्या सुपारीसाठी. त्यावर आपल्या आणि कर्नाटकातल्या बागायतदारांनी नाराजी दाखवली. मला वाटतं भूतानच्या बाबतीत भीती थोडी जास्त आहे, कारण ती ओली सुपारी आहे आणि आपला माल मुख्यतः सुकवलेला. पण ज्याचं निम्मं पीक कोळेरोगाने गळलं आहे, त्याला आयातीची बातमी वाचून धस्स होणारच. हवामानाने पीक घेतलं, आणि भावाने भरपाई होईल ही खात्रीही गेली. दोन्ही एकत्र आल्यावर कुळागर टिकवणं अवघड होतं.

नारळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिथे परिणाम उशिरा दिसतो. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फुटल्यापासून नारळ पक्व व्हायला सुमारे एक वर्ष लागतं, आणि त्या पोयीची सुरुवात खोडाच्या शेंड्यात त्याच्याही कितीतरी आधी झालेली असते. त्यामुळे एका कडक उन्हाळ्याची झळ पुढची एक-दोन वर्षं पाडपात, म्हणजे नारळाच्या काढणीत, दिसत राहते. पाडेली माडावर चढतो तेव्हा ज्या उन्हाळ्याने हे केलं तो सगळे विसरलेले असतात. २०२४-२५मध्ये दक्षिण भारत आणि श्रीलंका, दोन्हीकडे नारळ एकाच वेळी महागला. उष्णतेबरोबर पांढऱ्या माशीसारख्या किडींचाही त्यात वाटा होता. श्रीलंकेत नारळ हा रोजच्या जेवणाचा भाग आणि मोठा निर्यात-उद्योगही. एरवी एकाकडे कमी असतं तेव्हा दुसऱ्याकडून आणता येतं, पण त्या वर्षी दोघांच्या माडांवर कमी होते. चवथीच्या बाजारात नारळाचा भाव ऐकून घराघरांत जी चर्चा झाली, तिचं मूळ आदल्या वर्षीच्या उन्हात आणि समुद्रापलीकडेही होतं.

रस्त्यांचा मुद्दा छोटा आहे, पण वगळता येत नाही. माल असतो, भाव ठरलेला असतो आणि दरड कोसळते. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस नेपाळमध्ये दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, तोंडावर प्रचंड पाऊस झाला आणि काठमांडूला जोडणारे महामार्ग तुटले. जुलै २०२५मध्ये भोटेकोशी नदीच्या पुराने नेपाळ-चीन सीमेवर रसुवागढीचा पूल वाहून नेला. ऑगस्ट २०१९मध्ये बेळगाव-कोल्हापूर पाण्याखाली होतं आणि घाटांत दरडी होत्या, तेव्हा गोव्यात दूध-भाजीची टंचाई आपण सोसली आहे. नाशवंत मालाला पर्यायी रस्ता नसणं ही शेजाऱ्यांच्या व्यापाराची जुनीच कमजोरी. वाढत्या अतिवृष्टीने ती दरवर्षी उघडी पडते.

मात्र सगळं हवामानाच्या माथी मारणंही चुकीचं आहे. २०२१मध्ये श्रीलंकेत भाताचं पीक कोसळलं ते पावसामुळे नाही. सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, शेतकऱ्याला तयारीला वेळच दिला नाही. पाकिस्तानात २०२२च्या महापुरानंतर कांदा-टोमॅटो भयंकर महागला. वाघा सीमेपलीकडे पंजाबात बाजार होता. पण दोन्ही देशांतला व्यापार ऑगस्ट २०१९पासून बंद होता, तो तेव्हाही उघडला नाही. भारताकडून भाजी घेण्याचा विषय तिथल्या अर्थमंत्र्यांनी जाहीरपणे काढला होता, पुढे काही झालं नाही, आणि माल इराण-अफगाणिस्तानातून आला. पूर हवामानाचा होता, बंद दार राजकारणाचं.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. शेजाऱ्यांमधल्या व्यापारासाठी उदारतेपेक्षा आगाऊ माहितीची गरज जास्त आहे. सप्टेंबर २०१९मध्ये भारताने कांदा निर्यात अचानक थांबवली, बांगलादेशात तो पुढे किलोला २५० टका (तिथलं चलन) इतका महागला आणि सरकारला विमानाने कांदा आणावा लागला. बंदीनंतर लगेचच, ऑक्टोबरात दिल्लीत आलेल्या तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हा विषय काढला. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती, असं त्या म्हणाल्या. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तशीच अचानक बंदी आली. डिसेंबर २०२२मध्ये बांगलादेशाने तांदूळ, गहू, साखर, कांदा अशा वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून द्यावा अशी मागणी केली. बंदी आली तरी एवढा माल मिळेलच, एवढीच हमी त्यांना हवी होती.

२०२३चा कांद्याचा क्रम पाहिला की ही मागणी किती वाजवी होती हे कळतं. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. चार महिन्यांच्या आत तीन नियम. बंदी ३१ मार्च २०२४ला संपणार असं आदेशात होतं, ती वाढवली आणि ४ मेला शर्तींसह उठली. यात लासलगावचा शेतकरी, मुंबईचा निर्यातदार आणि बांगलादेशाच्या सीमेवरच्या बेनापोलचा आयातदार यांच्यापैकी कोणालाही पुढच्या महिन्याचं नियोजन करता आलं नाही. नुकसान शेवटी आपल्याच शेतकऱ्याचं झालं. बांगलादेशाने स्वतःची कांदा लागवड वाढवायला घेतली, दुसरे पुरवठादार शोधले आणि पुढे भारतीय कांद्याला आपल्या हंगामात परवाने नाकारायला सुरुवात केली. हातातून गेलेलं गिऱ्हाईक भाव उतरला म्हणून परत येत नाही.

याउलट हवामान खातं मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्येच देतं आणि एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. मग आदेशही पायऱ्यांनी, आधीच जाहीर करून ठेवता येतील. ऑगस्टअखेर पावसाची तूट इतकी झाली आणि साठा इतक्याखाली गेला तर शुल्क एवढं, आणि काहीही झालं तरी शेजाऱ्याचा ठरलेला हिस्सा चालू. नाशिकच्या शेतकऱ्यालाही यातून लागवडीचा निर्णय घेता येईल. सार्क या दक्षिण आशियाई संघटनेच्या देशांनी एप्रिल २००७मध्ये दिल्लीतच अन्नपेढीचा करार केला होता, प्रत्येकाने गहू-तांदळाचा काही राखीव साठा बाजूला ठेवायचा आणि अडचणीत एकमेकांना द्यायचा. कल्पना उत्तम आहे. पण एवढ्या संकटांत तो साठा फारसा हललाच नाही, आणि सार्कची शिखर परिषदही २०१४नंतर झालेली नाही.

बियाण्याच्या बाबतीत मात्र या देशांनी एकमेकांचं खरोखर भलं केलं आहे. ओडिशातल्या एका जुन्या भाताच्या वाणापासून आलेल्या एफआर १३ए या जातीत पाण्याखाली दहा-पंधरा दिवस तग धरण्याचा गुण होता. त्यामागचं जनुक २००६मध्ये ओळखलं गेलं आणि ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात उतरवलं. २००९मध्ये भारतात स्वर्णा-सब१ म्हणून, पुढे बांगलादेशात ब्री धान ५१ म्हणून, आणि मग नेपाळमध्येही ते शेतात गेलं. एका देशात मंजूर झालेलं बी दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून तपासत वर्षं घालवू नयेत, यासाठी या तिन्ही देशांनी २०१४मध्ये आपापसांत समजूत केली.

आपल्या खाजनांचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांचा, विषय इथे थेट येतो. समुद्राचं पाणी वर चढतं आहे, बांध फुटतात, पाणी अडवणारी दारं, म्हणजे मानशी, नीट राखल्या जात नाहीत, आणि खारं पाणी शेतात शिरतं. बांगलादेशाच्या दक्षिणेला खुलना, सातखिरा भागात हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिथे ब्री धान ४७ आणि ब्री धान ६७ हे खार सोसणारे वाण लावतात. आपल्याकडे कोरगुट हा भाताचा जुना वाण शतकानुशतकं खाऱ्या मातीत उभा आहे, आणि जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच गोवा धान १ आणि २ हे वाण पुढे आणले. खाजनाचा कोरगुट आणि खुलन्याचा ब्री धान यांची एकमेकांच्या शेतात चाचणी व्हायला हवी. त्यासाठी २०१४ची समजूत हाताशी आहे, संशोधक दोन्हीकडे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं एकाच खाऱ्या पाण्याशी झगडत असताना ही चाचणी गोवा सरकारने आणि आपल्या कृषी खात्याने मागून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.